फासा टाकण्याआधी काय बोलायचं: नव्या डीएमसाठी स्किल चेक

मी डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये पहिल्यांदा डीएम झाले (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि नियम सांभाळणारी) तेव्हा आमचा गेम एका दारापाशी पंचवीस मिनिटं अडकला होता. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमधला आमचा हॉल, रविवारची दुपार, चार प्लेअर आणि गोष्टीत एक कुलूपबंद दार. मी म्हटलं, "उघडायचंय? रोल करा." पहिल्याला सात. दुसरीला नऊ. तिसऱ्याला चार. चौथ्याने फासा दोन्ही हातांत घोळवला, त्यावर फुंकर मारली आणि टाकला. तीन. मग सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. माझ्याकडे दाराच्या पलीकडचं सगळं तयार होतं: नकाशा, पहारेकरी, एका कैद्याचं लांबलचक भाषण. अलीकडचं काहीच नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "बरं, परत टाका," आणि ते दार उघडेपर्यंत टाकत राहिले. उघडलं तेव्हा कुणाला काही वाटलंही नाही.

त्यानंतर बरेच रविवार गेले. स्किल चेकमध्ये, म्हणजे पात्राला एखादं काम जमतंय का हे फाशावर ठरवताना, जे काही बिघडतं ते बहुतेक फासा हातातून सुटायच्या आधीच बिघडलेलं असतं, असं माझं मत झालंय. वीस बाजूंचा फासा एक आकडा देतो, बाकी काही नाही. तो आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे टेबलावर आधी बोललं गेलं नसेल, तर मग डीएमला ऐन वेळी काहीतरी जुळवावं लागतं. आणि नवखा डीएम ऐन वेळी जे जुळवतो ते म्हणजे "नाही उघडलं".

इथे मी डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे नियम धरलेत. नवखे बहुतेक तिथूनच सुरुवात करतात, आणि तिचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट वाचता येतात. पुस्तकं महाग आहेत, आधी फुकटचं वाचा.

उदाहरणं मात्र आमच्याच कॅम्पेनमधली, म्हणजे अनेक रविवार चालणाऱ्या गोष्टीतली देते, आणि ते घडतं ठाण्यात.

दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाच्या आरोपावरून १८१५ साली इंग्रजांच्या हवाली केलं गेलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं गेलं. तो किल्ला म्हणजे आजचं ठाणे मध्यवर्ती कारागृह. आपण रोज त्याच्या भिंतीवरून जातो आणि वर बघतही नाही. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी तिथून निसटले. किल्ल्यातल्या एका इंग्रज अंमलदाराचा मराठी मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारा नोकर) घोडा फिरवताना त्यांच्या खिडकीखालून गात जायचा, आणि बाहेरची बातमी गाण्यातून आत पोचायची. पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हतं, त्यामुळे त्यांच्या लेखी तो नुसता गुणगुणणारा नोकर होता.

इतकं आयतं कॅम्पेन कुठे मिळणार? आमच्या गेममध्ये प्लेअर म्हणजे बाहेरून मदत करणारी टोळी: एक मोतद्दार, खाडीत होडी घालणारी एक कोळीण, इंग्रज कचेरीतला एक कारकून आणि एक पैलवान. मोतद्दार इतिहासातला, बाकीचे तिघे आमच्या टेबलावरचे. खाडी ओलांडली की पेशव्यांचा मुलूख.

हिशेब, एकदाच

हा भाग पटकन उरकते. वीस बाजूंचा फासा टाका, त्यात कॅरेक्टर शीटवरचा, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावरचा आकडा मिळवा, बेरीज डीएमने ठरवलेल्या डीसीइतकी (काम किती अवघड याचा आकडा) किंवा जास्त आली तर जमलं. बरोब्बर तेवढीच आली तरी जमलं. यावर दर टेबलावर एकदा तरी वाद होतो.

शीटवरचा आकडा दोन तुकड्यांचा. पात्राचा करिष्म्यासारखा एखादा मूळ गुण सोळा असेल तर त्यातून दहा वजा, उरलेल्याचे निम्मे, म्हणजे अधिक तीन. ते कौशल्य कॅरेक्टरने शिकलेलं असेल तर आणखी प्रोफिशियन्सी बोनस, जो पहिल्या चार लेव्हलना अधिक दोन असतो. आमच्या मोतद्दाराचा करिष्मा सोळा, आणि गाणं त्याने शिकलेलं. तीन आणि दोन पाच. फाशावर अकरा आले तर सोळा. संपलं. पाचव्या आवृत्तीत अशी अठरा कौशल्यं आहेत. पाठ करायची गरज नाही, शीटवर छापलेली असतात.

१९७४ साली हा खेळ निघाला तेव्हा त्यात कौशल्यांची यादीच नव्हती. पुढच्याच वर्षी चोराचं पात्र आलं आणि त्याच्याबरोबर कुलूप उघडणं, लपणं, आवाज न करता चालणं यांचे टक्के आले. आणि चोराला लपायचे टक्के आहेत म्हणजे बाकीच्यांना लपताच येत नाही की काय, हा घोळ तेव्हापासून आजतागायत चालू आहे. तुमच्या टेबलावरही होईल. उत्तर सोपं आहे: कुणीही काहीही करून बघू शकतो. शिकलेल्याला बोनस मिळतो, एवढंच.

आधी बघा, रोल लागतो का

सकाळी साडेआठला ठाणे स्टेशनवर फास्ट लोकलमध्ये चढणं हा स्किल चेक आहे का? माझ्यासाठी नाही. मी कॉलेजपासून चढतेय. कोणत्या डब्याचं दार कुठे येतं, कुणाच्या मागे उभं राहायचं, हे पायांना माहीत आहे. साताऱ्याहून काल आलेल्या माझ्या मावसभावासाठी आहे, आणि डीसी वीस आहे. त्याच्या पाठीवर मोठी सॅक असेल तर रोलच नको, त्याने पुढची स्लो पकडावी.

एवढंच तत्त्व लावा. ज्याला जे सहज येतं त्याला ते करू द्या. मोतद्दाराला घोड्यावर खोगीर चढवायला रोल मागू नका. तो त्याचा रोजचा धंदा आहे, आणि चुकून फाशावर एक आला तर तुम्ही बारा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला विनाकारण गाढव ठरवाल. जे होणंच शक्य नाही त्यालाही रोल नको. पैलवान किल्ल्याची भिंत खांद्याने पाडतो म्हणाला तर "नाही पडत, दगडी आहे" म्हणा आणि पुढे चला. त्याला फासा टाकू दिलात आणि वीस आले, तर आता काय करणार?

उरतात त्या जागा जिथे जमेल की नाही याची खरंच शंका आहे, आणि जमलं नाही तरी गोष्टीत काहीतरी घडणार आहे. दुसरी अट नवखे डीएम विसरतात. मी दाराच्या वेळी तेच विसरले होते. कुणी मागे लागलेलं नाही, वेळेची घाई नाही, आवाजाने कुणी जागं होणार नाही. मग ते कुलूप आज ना उद्या उघडणारच. "दहा मिनिटं खटपट करून उघडता," असं सांगून टाकायचं होतं.

आणि एक पक्कं ठरवा: पुढे जायला जी माहिती लागणारच आहे ती रोलच्या मागे ठेवू नका. गाण्यातली बातमी आत पोचलीच नाही तर कॅम्पेन तिथेच संपतं. बातमी पोचू द्या. फासा दुसऱ्या कशासाठी तरी वापरा. कशासाठी, ते पुढे सांगते.

मग बोला

आता मुख्य भाग. प्लेअर म्हणतो, "मी पर्स्वेशन टाकू?" आणि त्याचा हात फाशाकडे गेलेला असतो. तो हात थांबवायला शिका. आमच्या टेबलावरचा एक प्रसंग जसाच्या तसा देते. कारकुनाचं पात्र खेळणारा मुलगा तेव्हा दुसऱ्यांदाच खेळायला आला होता.

"मी पहारेकऱ्याला पटवतो. पर्स्वेशन टाकू?"

"थांब जरा. त्याच्याकडून तुला काय हवंय?"

"त्याने इथून जावं."

"कायमचं, की थोडा वेळ?"

"पाच मिनिटं पुरे. कोळीण दोर बांधेपर्यंत."

"ठीक. त्याला सांगतोस काय?"

"सांगतो की साहेबाने हजेरीचं बुक मागवलंय. आत्ताच्या आत्ता."

"मागवलंय का खरंच?"

"छे!"

"मग ही थाप झाली. पर्स्वेशन नाही, डिसेप्शन टाक. जमलं तर तो बुक घेऊन जाईल, पाच मिनिटं तुमची. नाही जमलं तर तो म्हणेल, चल, तूही चल माझ्याबरोबर साहेबाकडे. टाकतोस?"

तो फासा घेऊन तसाच बसला. बाकीचे हसायला लागले. मग म्हणाला, "ताई, थांब. मी दुपारीच बुकात एक चुकीची नोंद करून ठेवली असती तर? म्हणजे साहेब खरंच बुक मागवेल."

"दुपारी तू कचेरीत होतास?"

"कारकून आहे, जाणार कुठे?"

मी त्याला तसं करू दिलं आणि ॲडव्हांटेज दिला. म्हणजे दोन फासे टाकायचे आणि मोठा धरायचा.

या बोलण्यात तीन गोष्टी झाल्या. प्लेअरने काय हवंय ते सांगितलं. कसं करतोय ते सांगितलं. आणि फसलं तर काय होईल हे मी सांगितलं, फासा पडायच्या आधी, सगळ्यांसमोर. पहिल्या दोन गोष्टींमधून कोणतं कौशल्य लागेल ते आपोआप ठरतं. प्लेअरने कौशल्याचं नाव घ्यायची गरजच नाही. तिसरी गोष्ट सांगितल्यामुळे त्याने बेत बदलला, आणि बदललेला बेत माझ्या डोक्यात कधीच आला नसता.

काही डीएमना हे आवडत नाही. आधी सांगितलं तर मजा जाते, म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. पत्त्यांत हुकूम माहीत असतो म्हणून पान टाकताना हात थरथरतो. किंमत माहीत असली की फासा फिरत असताना टेबलावर कुणी फोनकडे बघत नाही.

सुरुवातीला हे बोलणं जड जाईल. पाच-सहा रोलनंतर प्लेअर स्वतःच "मला अमुक हवंय, म्हणून मी तमुक करते" असं बोलायला लागतात. मग सगळं अर्ध्या मिनिटात होतं.

डीसी ठरवताना

पुस्तकात पाचपासून तीसपर्यंतची शिडी आहे: पाच अगदी सोपं, दहा सोपं, पंधरा मध्यम, वीस कठीण, पंचवीस फार कठीण, तीस जवळजवळ अशक्य. तुम्ही फक्त दहा, पंधरा आणि वीस लक्षात ठेवा.

पण "मध्यम" या शब्दाने फसू नका. फाशाची प्रत्येक बाजू पाच टक्क्यांची. अधिक पाच असलेल्या कॅरेक्टरला डीसी पंधरा साधायला फाशावर दहा किंवा जास्त लागतात, म्हणजे ५५ टक्के. काहीच बोनस नसलेल्याला ३० टक्के. म्हणजे न शिकलेला माणूस "मध्यम" काम दहातून सात वेळा बिघडवतो. वीसला तर शिकलेला ३० टक्क्यांवर येतो आणि न शिकलेला ५ वर. पहिल्या लेव्हलच्या नवख्या ग्रुपला सतत पंधरा-पंधरा देत राहिलात तर त्यांना वाटेल आपली पात्रं अगदीच कुचकामी आहेत. नव्या टेबलावर माझा ठरलेला आकडा तेरा आहे. शिकलेल्याला ६५ टक्के. दोनदा जमतं, एकदा फसतं, गोष्ट हलती राहते.

समोर कोण आहे ते बघून डीसी बदलू नका. भिंत तेवढीच उंच आहे. पैलवान चढला काय किंवा कारकून. फरक त्यांच्या शीटवर आधीच आहे, तुम्ही तो दुसऱ्यांदा मोजू नका.

आकडा सांगायचा की लपवायचा? भिंत, नदी, कुलूप, म्हणजे जे डोळ्यांना दिसतंय, त्याचा आकडा मी सांगून टाकते. समोरच्या माणसाच्या मनात काय आहे त्याचा नाही सांगत.

एकापेक्षा जास्त फासे म्हणजे काय होतं

हे गणित कळायला मला फार वेळ लागला, म्हणून जरा सावकाश.

कोळीण भिंतीपर्यंत लपतछपत जाते. आधी अंगण ओलांडायला रोल मागितला, मग तबेल्यामागे एक, मग भिंतीपाशी एक. प्रत्येक वेळी तिला ६५ टक्के. तुम्हाला वाटतं तिची बाजू वरचढ आहे. पण तिन्ही जमायची शक्यता ०.६५ गुणिले ०.६५ गुणिले ०.६५, म्हणजे जेमतेम २७ टक्के. तुम्ही नकळत चारातून तीन वेळा ती पकडली जाईल अशी सोय केलीत. एका हेतूसाठी एक रोल. तिला भिंतीपर्यंत पोचायचं होतं ना, मग एकदाच टाकायला सांगा आणि तो पूर्ण वाटेसाठी धरा.

पाच जणांनी मिळून लपत जायचं आणि प्रत्येकाला ६० टक्के, तर पाचही जण सुटायची शक्यता ८ टक्क्यांच्याही खाली. एकाचा पाय फांदीवर पडतोच. यासाठी नियमांत ग्रुप चेक आहे: सगळ्यांनी टाकायचं, निम्म्या किंवा जास्त जणांचं जमलं तर सगळ्यांचं जमलं. पाचातले तीन धरले तर तीच शक्यता ६८ टक्क्यांवर जाते. ज्यांचं जमलं ते बाकीच्यांना सांभाळून नेतात, असं समजायचं. पैलवानाचा पाय अडखळला, मोतद्दाराने दंड धरून सावरला.

आणि उलटा प्रकार. कारकून म्हणतो, "या शिक्क्याबद्दल मला काही माहीत आहे का?" रोल फसतो. लगेच दुसरी म्हणते, "मी पण टाकते." मग तिसरा. ३० टक्क्यांचे पाच जण ओळीने टाकत गेले तर कुणा एकाचं तरी जमायची शक्यता ८३ टक्के होते. म्हणजे तुमचं कठीण कोडं सोपं झालं, आणि तेही इंग्रजी शिक्का पैलवानाने ओळखून. माझा नियम: कोण बघतंय ते आधी ठरवा. एक जण टाकेल, दुसरा मदत करत असेल तर टाकणाऱ्याला ॲडव्हांटेज. मदत करणाऱ्यानेही काय मदत करतोय ते सांगायचं. "मी पण आहे" ही मदत नव्हे. फासा एकदा पडला की परिस्थिती बदलेपर्यंत तोच कायम.

ॲडव्हांटेज किती द्यावा? सढळ हाताने. फाशावर दहा हवे असतील तर ५५ चे ८० टक्के होतात, आणि डिसॲडव्हांटेजने, म्हणजे दोनांतला लहान धरला तर, ३० वर येतात. बारीकसारीक अधिक एक, अधिक दोन करत बसण्यापेक्षा हे बरं.

फसल्यावर

गाण्याचा प्रसंग. मोतद्दार खेळणारा पोरगा स्वतः अजिबात गात नाही. गोष्टीत गायचं म्हटल्यावर त्याचे कान लाल झाले. मी आधीच सांगितलं होतं: "बातमी आत पोचणार. पहारेकऱ्यांना मराठी येत नाही, तेव्हा त्यांना काही कळायचं नाही. प्रश्न एवढाच आहे, की तू कुणाच्या नजरेत भरतोस का. डीसी तेरा." त्याने टाकला. दोन. दोन आणि पाच सात.

टेबलावर शांतता. मी म्हटलं, "आतून खोकल्याचा आवाज येतो. म्हणजे कळलं त्यांना. तू घोडा वळवतोस, आणि वर व्हरांड्यात साहेबाची बायको उभी. तिला चाल फार आवडली आहे. ती साहेबाला सांगते, उद्या संध्याकाळी पाहुणे येणार आहेत, या माणसाला गायला बोलवा. आणि हो, मुन्शीलाही बोलवा, गाण्याचा अर्थ सांगायला."

मुन्शी. ज्याला मराठी येतं. त्यानंतरची पाऊण तासाची मजा मला कधीच लिहून काढता आली नसती: मुन्शीला फितवायचा की आजारी पाडायचा, की दुसरंच गाणं बसवायचं, यावर कोळीण आणि कारकून यांचं खडाजंगी भांडण.

फसलेल्या रोलवर "काही झालं नाही" म्हणू नका. एक तर हवं ते मिळू द्या, पण काहीतरी किंमत घेऊन: वेळ, आवाज, हातातली वस्तू, कुणाचा तरी संशय. किंवा मिळू देऊ नका, पण परिस्थिती अशी बदला की तोच प्रयत्न पुन्हा करायचा प्रश्नच उरणार नाही. दोर तुटला. भरती ओसरली आणि होडी चिखलात रुतली (खाडीत हे फुकटचं संकट आहे, वापरा). आणि जी किंमत आधी बोललात तीच वसूल करा, वाढवू नका. साहेबाकडे न्यायचं ठरलं होतं तर थेट फाशी देऊ नका.

पात्राला मूर्ख बनवायचंही टाळा. फसलं म्हणजे मोतद्दार वेंधळा असं नाही. त्या दिवशी घोडा बिथरलेला असतो, वारा उलटा असतो, पहारेकरी नेमका नवा आलेला असतो. आपल्याकडे लहानपणी लिंबूटिंबूला खेळात घ्यायचे पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. नवख्या प्लेअरला तसं वागवलेलं कळतं, आणि तोंडघशी पाडलेलं तर त्याहून कळतं.

बोलायला लाजणारे

मोतद्दाराला मी गायला लावलं नाही. त्याने सांगितलं, "मी ओवीच्या चालीवर म्हणतो, आणि त्यात खाडीच्या भरतीची वेळ घालतो." एवढं पुरे. प्लेअरला अभिनय यायला हवा असं कुठेही लिहिलेलं नाही. पैलवान खेळणाऱ्याकडून आपण जोर काढून घेत नाही ना? पण काय म्हणतोय याचा मुद्दा मात्र त्याने सांगायला हवा. "मी गोड बोलते" हे अपुरं. "मी त्याला त्याच्या गावच्या घराची आठवण करून देते" हे चालेल, भले ती "माझी कोळीण त्याला म्हणते" असं लांबून का सांगेना.

उलट बाजूने, टेबलावर एखादा असतोच जो प्रत्यक्षात कुणालाही गुंडाळतो आणि शीटवर त्याचा करिष्मा आठ आहे. त्याचं भाषण मन लावून ऐका, मुद्दा चांगला असेल तर डीसी खाली आणा, आणि मग रोल घ्याच.

बघणं आणि ऐकणं

"आजूबाजूला बघतो. परसेप्शन?" हे वाक्य तुम्ही दर सेशनला वीस वेळा ऐकाल. फासा पडला, तीन आले, तुम्ही म्हणालात "काही दिसत नाही." आता सगळ्यांना कळलं की काहीतरी आहे, आणि सगळे काही न कळल्याचं सोंग करतायत. यावर उपाय पॅसिव्ह परसेप्शन: दहा अधिक त्याचा आकडा. सेशनच्या आधी चौघांचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून घ्या. लपलेल्या शिपायाचा डीसी चौदा आणि कोळिणीचं पॅसिव्ह पंधरा असेल, तर फासा न टाकता सरळ सांगा: "तुला तबेल्याच्या सावलीत बुटाचं टोक दिसतं." कुणी मुद्दाम एखादी जागा उकरून शोधत असेल तेव्हाच रोल घ्या.

वीस आले!

ओरडा होईल, होऊ द्या. पण पाचव्या आवृत्तीत वीस आले की हमखास यश हा नियम हल्ल्याच्या रोलचा आहे, स्किल चेकचा नाही. चेकला ते फक्त वीस. अनेक टेबलांवर घरचा नियम म्हणून धरतात. धरायचा तर पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. मी धरत नाही. पण वीसला काहीतरी जास्तीचं देते, आणि अशक्य गोष्टींना मुळात फासाच टाकू देत नसल्यामुळे भांडण होत नाही.

दुसरे खेळ खेळायला गेलात तर आकडे बदलतील. कॉल ऑफ कथुलूमध्ये शंभरातले टक्के असतात आणि फासा आपल्या आकड्याइतका किंवा त्याच्या खाली पडावा लागतो. अपोकॅलिप्स वर्ल्डच्या घराण्यातल्या खेळांत सहा बाजूंचे दोन फासे टाकतात: दहा किंवा वर म्हणजे जमलं, सात ते नऊ म्हणजे जमलं पण काहीतरी लफडं होऊन, सहा किंवा खाली म्हणजे डीएमचा डाव. बोनस नसेल तर मधल्या पट्ट्यात पडायची शक्यता ४२ टक्के, त्यामुळे "किंमत मोजून जमलं" हे तिथे नियमातच बसलेलं आहे. डीएम म्हणून हात बसवायचा असेल तर एखाददुसरा सेशन त्याचाही खेळून बघा.

पहिल्या रविवारची तयारी

एक कागद घ्या. डावीकडे चौघांची पात्रं, त्यांची दोन-दोन मुख्य कौशल्यं आणि पॅसिव्ह परसेप्शन. उजवीकडे आज येतील असं वाटणारे तीनच चेक, आणि प्रत्येकासमोर "फसलं तर" याचं एक वाक्य. जमलं तर काय, ते लिहायची गरज नाही. ते प्लेअरना माहीत असतं. "फसलं तर"समोर काही सुचलंच नाही, तर तो चेक खोडून टाका आणि ती गोष्ट होऊ द्या. माझ्या त्या दारासमोर मी काहीच लिहिलं नसतं.

तिघांपेक्षा कमी आणि पाचपेक्षा जास्त प्लेअर पहिल्या दिवशी घेऊ नका. तीन तास पुरे. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये जागा मोकळी मिळते पण आवाज घुमतो आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी काका येऊन पैशाने खेळताय का विचारतात. घरी बरं. खायला काहीही ठेवा, फक्त तेलकट बोटांनी शीट धरू देऊ नका. मोतद्दाराच्या शीटवर करिष्म्याच्या जागी अजून बटाटेवड्याचा डाग आहे आणि तो सोळा आहे की अठरा यावर त्याचा फायदा करून घ्यायचा प्रयत्न होत असतो.

फासे टाकायला स्टीलच्या ताटात जाड नॅपकिन पसरा. ताटाबाहेर पडलेला फासा धरायचा नाही, हे आधी सांगा. नॅपकिन विसरू नका. आमच्याकडे सासरे दोन ते चार शेजारच्या खोलीत झोपतात, आणि नुसत्या ताटात पडलेला फासा त्यांच्या पॅसिव्ह परसेप्शनच्या टप्प्यात येतो.